फिनलंडचं नाव काढायचं नाही

"आज फिनलंडचं नाव काढायचं नाही," व्हर्लच्या टायची गाठ वर सरकवत मर्लीन म्हणाली.

"अगं, गळा आवळतेस की काय!"

"नाव काढलंस तर खरंच आवळीन. लग्नाला पन्नास वर्षं झाली आपल्या. आज तरी माझ्याबद्दल बोल. पोरांबद्दल बोल. हवं तर आपल्या तुंबलेल्या मोरीबद्दल बोल, पण फिनलंड नको."

"नाही काढणार. शब्द दिला," व्हर्ल म्हणाला.

मर्लीनचा त्या शब्दावर काडीचाही विश्वास नव्हता. व्हर्ल सोरेन्सन एकोणिसाव्या वर्षी चर्चच्या मिशनवर फिनलंडला गेला होता. अडीच वर्षं तिथे दारोदार फिरून त्याने धर्म सांगितला आणि परत आला. अमेरिकेत, युटातल्या त्यांच्या गावात यात नवल ते काय? कोणी टोंगाला जातो, कोणी ब्राझीलला. आल्यावर वर्षभर सगळ्यांना पिडतात, मग संसाराला लागतात आणि विसरतात. व्हर्ल काही विसरला नाही. तीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली आणि गावातल्या दोन पिढ्यांना फिनलंड पाजलं. बर्फ पडला की, "हा कसला बर्फ! बर्फ बघावा तर तिकडच्या कुओपिओचा." ऊन पडलं की, "तिकडे उन्हाळ्यात रात्रच होत नाही." एका वर्षी त्याने कोंबड्यांच्या खुराड्यात वाफेचं न्हाणीघर केलं, अगदी फिनलंडसारखं. कोंबड्या गेल्या, अंडी गेली, आणि व्हर्ल लाल टोमॅटो होऊन बाहेर यायला लागला.

आणि ती हिल्याबाईची गोष्ट! ती तर मर्लीनला झोपेतसुद्धा सांगता आली असती. फिन्नी भाषेत 'तपान सिनुत' म्हणजे तुला भेटतो, आणि 'तपन सिनुत' म्हणजे तुला ठार मारतो. एका कान्याचा फरक. व्हर्लने पहिले तीन महिने तो काना गिळला. दार उघडलं की टोपी काढून, हसून, "उद्या संध्याकाळी येऊन तुम्हाला ठार मारतो," असं सांगायचा. लोक धाडकन दार लावायचे. एक म्हातारी हिल्याबाई तेवढी म्हणाली, "उद्या नको रे बाबा, गुरुवारी ये. आणि येताना सुरी घेऊन ये, माझ्या सुरीने पाव कापला जात नाही." गुरुवारी तिने कॉफी पुढे केली. व्हर्लच्या चर्चमध्ये कॉफी वर्ज्य. मग बिचारीने गरम पाण्यात बेरीचा मुरंबा ढवळून दिला, आणि त्या दिवसापासून त्याचा कान पकडून भाषा शिकवली.

गोष्ट वाईट नव्हती. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मर्लीनसुद्धा पोट धरून हसली होती. पण पन्नास वर्षं तीच गोष्ट!

चर्चच्या हॉलमध्ये बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबलं मांडली होती. चीज घातलेल्या बटाट्यांची मोठमोठी भांडी होती, गाजर घातलेली हिरवी जेली होती. मुलगी जोलीन सगळ्यांना बसवत फिरत होती. बिशप म्हणजे, त्यांच्या चर्चच्या रीतीप्रमाणे, गावातलाच एक तरुण दातांचा डॉक्टर. तो उठून म्हणाला, "आता ब्रदर सोरेन्सन दोन शब्द बोलतील. दोनच, बरं का!"

"फिनलंड!" मागून कोणीतरी ओरडलं. हॉल हसला.

व्हर्ल उभा राहिला. "फिनलं—" एवढं तोंडातून निघालंच. त्याने मर्लीनकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

घडीच्या खुर्च्या करकरल्या. कोणाचं तरी तान्हं रडलं. व्हर्ल टेबलाची कड धरून उभा, आणि त्याचे कान लाल व्हायला लागले. मर्लीन संतापाने उकळायला लागली. अरे, पन्नास वर्षं! पाच मुलं, दोनदा जळालेलं स्वयंपाकघर, तुझ्या आईचं आजारपण, आणि बोलायला एक वाक्य सापडत नाही?

"बरं," शेवटी व्हर्ल म्हणाला, "फिनलंड नाही. पण सॉल्ट लेकचं विमानतळ तर युटातच येतं ना?"

हॉल पुन्हा हसला.

"मी परत आलो तेव्हा सप्टेंबर होता. भट्टीसारखं ऊन. आई घामाघूम, बाबा घामाघूम. आणि ही उभी, कोपरापर्यंत पांढरे हातमोजे घालून. राणीसारखी! हात हातात घ्यायला गेलो तर मागे घेतला. मी मनात म्हटलं, व्हर्ल, पोरगी अजून लाजते. तिथेच ठरलं माझं."

सगळ्या बायकांनी "अय्या!" केलं. मर्लीनने हेही शंभरदा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी बटाटे वाढायच्या निमित्ताने उठून गेली होती. आज मात्र ती मधल्या खुर्चीत बसलेली. पळायला जागा नव्हती.

"का घातले होते, ते विचार ना," ती म्हणाली.

"अं?"

"पन्नास वर्षं सांगतोयस. एकदा तरी विचारलंस, का घातले होते?"

"का म्हणजे... नटली होतीस. माझ्यासाठी."

"नटले होते!" मर्लीन उठलीच. "टर्की पक्षी सोलायच्या कारखान्यात होते मी. माझ्या बाबांचा पाय ट्रॅक्टरखाली गेला तेव्हापासून. तू गेल्यावर दोनच महिन्यांनी."

"पण तू तर लिहायचीस की सगळं छान—"

"मग काय लिहायचं? मिशनवरच्या मुलाला रडगाणं लिहायचं नाही, त्याचं चित्त ढळतं. बिशपने सांगितलं, आईने सांगितलं, तुझ्या आईने तर दोनदा सांगितलं. म्हणून लिहायचे, छान आहे. आणि दिवसभर बर्फाच्या पाण्यातून टर्की उचलून उरलेली बारीक पिसं चिमट्याने उपटायचे. नखं गेली होती माझी, व्हर्ल. कातडं सोलून निघालं होतं. ते हातमोजे माझे नव्हतेच, शेजारी बसणाऱ्या वेल्डाचे होते. आतून चिकटले होते, काढताना रडले मी. लाजत नव्हते. दुखत होतं."

जोलीन हातात भांडं धरून तशीच उभी होती. आईने यातलं अक्षर कधी तिलाही सांगितलं नव्हतं.

"फोरमनने मागणी घातली होती," मर्लीन म्हणाली. आता बोलतेच आहे तर हेही होऊन जाऊ दे. "भला माणूस होता. नाही म्हटलं त्याला. अडीच वर्षं माझीही झाली, व्हर्ल. तुझी एकट्याची नाही झाली."

आणि ती खाली बसली. बिशप घाईघाईने उठून जेवणाची प्रार्थना म्हणायला लागला.

परतताना व्हर्ल पिकअप चालवत होता आणि बोलत नव्हता. मर्लीनला आधी बरं वाटलं, मग वाटेनासं झालं. उगाच बोलले का चारचौघांत? म्हाताऱ्याजवळ एवढं एकच खेळणं, तेही हिसकावून घेतलं की काय? गावाबाहेरचं तळं आलं. इथे दर वेळी तो म्हणायचा, "फिनलंडात अशी तळी पैशाला पासरी!" आज तळं आलं आणि गेलं.

"तळं गेलं," ती म्हणाली.

"दिसलं."

"मग म्हण ना काय ते!"

त्याने एक हात स्टीअरिंगवरून काढला आणि दोघांच्या मधे सीटवर उताणा ठेवला. तिने त्या हाताकडे बघितलं. मग आपला सुजलेल्या सांध्यांचा हात त्यात ठेवला. त्याने तो दाबला नाही, नुसता धरला, अजून दुखत असावा तसा.

"ती वेल्डा," तो म्हणाला. "कशी होती?"

"वेल्डा? अरे, महा वात्रट! फोरमनची पाठ वळली की टर्कीच्या तंगड्या धरून तिला नाचवायची..."

मर्लीन सांगत राहिली. वेल्डाचं सांगितलं, वेल्डाच्या दारुड्या नवऱ्याचं सांगितलं, पहाटेच्या ट्रकमध्ये सगळ्याजणी गाणी म्हणत जायच्या ते सांगितलं. व्हर्ल शाळेच्या बसपेक्षाही हळू चालवत होता. मधेच तिने बाहेर बघितलं.

"अरे, घर मागे राहिलं!"

"राहू दे. पुढे काय झालं?"

"तपन सिनुत," मर्लीन म्हणाली, काना मुद्दाम गिळून, आणि वेल्डाचं पुढचं सांगायला लागली.