आठवर सरकलेलं कडं

"माझ्या लेन्सला कोणी हात लावला?"

आस्गर स्वयंपाकघराच्या दारात लेन्स हातात धरून उभा होता. टोवे पावाला लोणी फासत होती. तिने मान वर केली नाही.

"घरात आपण दोघंच. मांजर होतं, तेही गेल्या वर्षी गेलं. तूच काढ शोधून."

बायको अशी थट्टेवर नेते तेव्हा काहीतरी लपवते, हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं. डेन्मार्कच्या युलांडमधल्या त्या गावात एकेचाळीस वर्षं तो फोटो काढत होता. मुलीने डिजिटल कॅमेरा घेऊन दिला, पण लेन्स आणि फ्लॅश त्याने हट्टाने आपले जुनेच लावले. कॅमेऱ्याला ती लेन्स ओळखताच येत नसे. अंतर डोळ्यांनी जुळवायचं, लेन्सचं भोक किती उघडायचं ते तिच्या कड्यावरच्या आकड्यावरून हाताने ठरवायचं. याचा त्याला कोण अभिमान!

काल त्याने मुद्दाम कडं २.८ वर, म्हणजे भोक मोठं करून, ठेवलं होतं. सकाळी बघतो तर आठवर. फ्लॅशची चकतीही पूर्ण जोरावर. हे तिसऱ्यांदा. आठ म्हणजे नवशिक्यांची सोय: भोक लहान, म्हणून उजेड जास्त हवा, पण अंतर तीन मीटरवर ठेवलं की मागेपुढे हातभर सगळं आपोआप स्पष्ट येतं. आपल्याला विसरभोळा ठरवून फोटोचं दुकान बंद करायचा मायलेकींचा डाव आहे, याबद्दल त्याची खात्रीच पटली. त्याने कडं पुन्हा २.८ वर फिरवलं.

सकाळी साडेसातला दोघं श्मिट्टांच्या, म्हणजे गावच्या जुन्या लोहाराच्या, घरी पोचले. लोहार-लोहारणीच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून शेजाऱ्यांनी रात्रीच दाराभोवती हिरव्या फांद्यांची कमान उभारली होती. आता सगळे अंगणात गाऊन जोडप्याला बाहेर बोलावत होते. आभाळ राखाडी होतं. टोवे दारापासून पावलं मोजत आली आणि थांबली.

"इथून काढ, आस्गर."

"हे पावलं मोजायचं खूळ कधीपासून?"

"वसंतापासून."

वसंतात पाद्रीबाईंच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले होते. कॅमेऱ्यातलं कार्ड खराब झालं, असं टोवेने सांगितलं होतं आणि त्याने कार्डवाल्यांना शिव्या घातल्या होत्या.

दार उघडलं. आस्गरने कॅमेऱ्याला डोळा लावला, अंतराचं कडं इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. कमानीत दोन पांढरट डाग होते. कुठलं कडं किती फिरवलं तरी ते डागच राहिले.

"टोवे," तो हळूच म्हणाला, "ते कार्ड खरंच खराब झालं होतं?"



"नाही. सगळे धूसर होते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू कॅमेरा ठेवून दिला असतास. मग दिवसभर खिडकीत बसून काय केलं असतंस? मला तुला तसं बघवलं नसतं." तिने त्याची कॉलर उगाच नीट केली. "काढ आता. म्हातारी गारठलीये."

त्याला तिचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. अंगणात गाणं संपलं होतं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्याने बोटांनी चाचपून टोवे चोरून लावायची ती आठची खाच शोधली, अंतर तीन मीटरवर आणलं.

"अंतर बरोबर आहे का?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"अर्धं पाऊल मागे," टोवे म्हणाली.

एकेचाळीस वर्षं फोटोसाठी तोच गावाला मागे सरायला सांगत आला होता. आस्गर अर्धं पाऊल मागे सरला आणि त्याने बटण दाबलं.