कोरी चिठ्ठी

ग्रंथपालबाईंचा नियम सरळ होता. जागा कमी पडली की पुस्तकाच्या मागची तारखांची चिठ्ठी पाहायची. बारा वर्षांत एकही शिक्का नाही? मग चल बाबा, ऊठ, दुसऱ्याला बसू दे. गेल्या वर्षी अशी चाळीस पुस्तकं त्यांनी ग्रंथपालांच्या मेळाव्यात नेऊन अदलाबदलीच्या टेबलावर ठेवली, आणि कोणी काय उचललं हे न पाहता जेवायला गेल्या.

त्यात सुईणीच्या आठवणींचं एक पातळ पुस्तक होतं.

ते कोणाचं, हे त्यांना यंदा कळलं. वर्षातून एकदा येऊन खिडकीपाशी दिवसभर बसणारी टेलरबाई शेल्फाकडून रिकाम्या हातांनी परत आली. "मॅडम, माझ्या आईचं पुस्तक दिसत नाही. घरातल्या प्रती वाळवीने खाल्ल्या, ही एकच राहिलीय. आजच्या तारखेला गेली ती, म्हणून येते मी."

बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. पण तोंड कधीच दगा देत नाही. "बांधणीला दिलंय," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी या."

"येते," असं म्हणून टेलरबाई गेली. तिने विश्वास ठेवला, हेच जास्त लागलं.

त्या दुपारी बाईंनी ग्रंथपालांच्या ग्रुपवर निरोप टाकला. 'एका वाचकासाठी हवे आहे', एवढंच. स्वतःच्या हाताने घालवलंय, हे दोनशे चाळीस जणांसमोर कोण लिहील? तीन अंगठे आले. एकाने लिहिलं, 'मिळालं तर मलाही कळवा.' पुढे आठवडाभर चिडीचूप.

मग मेळावा आला. दारातच कार्डं वाटायची झुंबड. भेटेल त्याला लोक विचारत होते, तुम्ही नवीन काय केलंत? बाईंनी नवीन काय केलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. गेल्या वर्षी टेबलावरून कोणी काय नेलं, हे विचारायला त्या चारदा पुढे झाल्या आणि चारही वेळा स्वतःचं कार्ड देऊन परत आल्या.

जेवताना एकच खुर्ची रिकामी होती, फुलवाले काकांच्या शेजारची. का रिकामी होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. काका निवृत्तीला टेकलेले ग्रंथपाल, आणि रोज पहाटे प्रत्येकाला वेगळं 'शुभ सकाळ' पाठवत, फुलासकट. बाईंनी त्यांना वर्षापूर्वीच म्यूट करून ठेवलं होतं.

"माझा निरोप पाहिला नाहीत वाटतं," काका म्हणाले. "चारदा लिहिलं."

बाईंनी फोन काढला. गुलाब, कमळ, सूर्यफूल, पुन्हा गुलाब. आणि मध्येच, 'बाई, ते पुस्तक माझ्याकडे आहे.' काखेत कळसा आणि गावाला वळसा!

काकांनी पिशवीतून पुस्तक काढलं. "आता ते आमच्याकडे दाखल आहे, म्हणून उसनं देतो. पुढच्या आठवड्यात परत करा. आमच्याकडे नर्सिंगच्या मुली येतात. एकीने नेलं आणि मागून रांगच लागली." मग हळूच म्हणाले, "चिठ्ठी कोरी होती म्हणून काढलंत ना? मीही काढलं असतं."

टेलरबाई ठरल्या दिवशी आली. पुस्तकावर दुसऱ्या वाचनालयाचा शिक्का होता. पण तो नसता तरी बाई बोलल्याच असत्या, निदान त्यांना तसं वाटतं.

"बांधणीला नव्हतं दिलं. मी काढून टाकलं होतं. खोटं बोलले मी."

"काढलंत? का? मी तर दरवर्षी वाचते."

"इथे बसून वाचता. घरी नेलं तरच आम्ही तारीख टाकतो. बसून वाचलेलं आमच्या हिशेबात येतच नाही."

टेलरबाई रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. तिने पुस्तक उलटं करून मागची चिठ्ठी उघडली आणि शिवण तपासावी तसं तारखांवरून बोट फिरवत गेली. "अकरा? ही कोण माणसं?"

"नर्सिंग शिकणाऱ्या मुली. बाळंतपणाचं शिकतात."

टेलरबाईने डोळ्यांना पदर लावला, मग खिडकीपाशी जाऊन नेहमीसारखी संध्याकाळपर्यंत वाचत बसली. जाताना पुस्तक टेबलावर ठेवलं.

"दोन दिवस घरी न्या," बाई म्हणाल्या. "मुदत आहे अजून."

"नको. माझी तारीख तेवढी टाका त्यावर, आणि उद्याच परत धाडा. पुढची मुलगी थांबली असेल."