गालातला तुकडा

ताओ रोंगने बाटली खिडकीच्या उजेडात धरली, एकदा हलवली आणि टेबलावर आदळली. काल संध्याकाळपर्यंत तिच्यातलं गुलाबी पाणी नितळ होतं. आज ते ताकासारखं गढूळ झालं होतं. मायक्रोस्कोपखाली पाहायची खरं तर गरज नव्हती, तरी तिने पाहिलं. शाओमानच्या गालाच्या पेशी तळाशी आकसून पडल्या होत्या आणि त्यांच्यावर यीस्टच्या गोल गोल कळ्यांनी नुसता बाजार मांडला होता.

“मॅडम, पुन्हा तेच?” तिच्या हाताखाली काम करणाऱ्या छेंगने मागून विचारलं.

“नाही, लग्नाची पत्रिका आलीय. ये, वाच!”

छेंग मुकाट्याने बाटल्या धुवायला वळला. बिचाऱ्याचा काय दोष, हे ताओला कळत होतं. पण राग कुणावर तरी निघायला हवा होता.

शाओमान सहा वर्षांचा. त्याच्या लघवीच्या मार्गाचं तोंड जन्मापासून टोकाला नव्हतं, पार खाली मुळाशी होतं. दोनदा ऑपरेशन झालं. दोन्ही वेळा त्याच्याच कातडीची नळी केली आणि दोन्ही वेळा ती उसवली. आता तिथे घेण्याजोगी कातडीच उरली नव्हती. म्हणून त्याच्या गालाच्या आतला नखाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी वाढवायच्या, एका पातळ पापुद्र्यावर पसरायच्या आणि त्या पापुद्र्याची नवी नळी करायची, असं ठरलं होतं. सप्टेंबरात त्याची शाळा सुरू व्हायची होती. शाळेत पोरं लघवीला भिंतीशी रांगेत उभी राहतात. शाओमानला बसावं लागतं. बालवाडीतली पोरं त्याला काय म्हणायची, ते त्याच्या आजीने ताओला एकदा सांगितलं होतं, तेही कानात.

पहिला तुकडा असाच नासला होता. तेव्हा ताओने सगळी प्रयोगशाळा धुऊन काढली, छेंगला फैलावर घेतलं, आणि मग कळलं की तुकडा घ्यायच्या दिवशी सकाळीच आजीने नातवाला वाटीभर लाओझाओ पाजलं होतं. यीस्टने आंबवलेला गोड भात, गरम करून, वर अंडं सोडून. पोराच्या अंगात ताकद यावी म्हणून! ताओने कपाळावर हात मारला. रागावणार तरी कोणत्या तोंडाने? तिखट नको, फार गरम नको, असं सगळं तिने सांगितलं होतं. लाओझाओ तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. इथल्या, चोंगछिंगच्या माणसाला ते कधी बाधेल असं वाटतच नाही. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात तिच्या आईने महिनाभर तिला तेच घातलं होतं.

म्हणून दुसरा तुकडा घेण्याआधी तिने आजी-नातवाला समोर बसवून चांगलं खडसावलं होतं. आणि आता हे!

ती तरातरा खाली गेली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर फेंग आजी संत्रं सोलत बसली होती. शाओमान शेजारी सालींचे तुकडे जोडून काहीतरी करत होता. त्याचे आईबाप दूर तोंगक्वानला कारखान्यात. पोर आजीच्याच पदरात वाढलेलं.

“आजी, खरं सांगा. पुन्हा पाजलंत ना?”

आजीचा हात थांबला.

“परत नासलं?”

“नासलं! मी काय भिंतीशी बोलले होते का?”

“आभाळातल्या म्हाताऱ्याची शपथ, थेंबसुद्धा दिला नाही,” आजी उसळून म्हणाली. “लाओझाओचं मडकं आमच्या खोलीत आहे, नाही म्हणत नाही. माझे गुडघे धरतात, मी खाते. पण ते कपाटावर ठेवलंय, फडकं बांधून.”

“मग यीस्ट काय विमानाने आलं?”

“मला काय विचारता, डॉक्टरीणबाई? तुमच्या त्या उबवायच्या कपाटाला विचारा!”

ताओने दात आवळले. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. पालथ्या घड्यावर पाणी, तिच्या मनात आलं. आता पुन्हा त्या पोराचं तोंड उघडायचं, पुन्हा सुई, पुन्हा रक्त, पुन्हा ते दिवस मोजणं.

आजीचा आवाज अचानक खाली आला.

“माझ्या गालातला घ्या ना. दात गेलेत, जागाच जागा आहे.”

“नाही चालत आजी. त्याचाच लागतो.”

“रक्त तर एकच आहे की हो! त्याच्या बापाने रजा काढलीय. गाडीचं तिकीट काढलंय. आता त्याला काय सांगू मी?” तिने डोळ्यांना बाही लावली, आणि संत्र्याचा रस डोळ्यांत गेल्यामुळे आणखीच रडायला लागली.

“आजीने नाही दिलं,” शाओमान म्हणाला. “मी खाल्लं.”

आजी गर्रकन त्याच्याकडे वळली.

“कपाटावरून? पडला असतास की रे!”

“खुर्चीवर स्टूल ठेवलं. तू अंघोळीला गेली होतीस.”

आजीचा हात सरळ वर गेला. ताओने तो मधल्यामधे पकडला.

“शाओमान, मी तुझ्यासमोरच सांगितलं होतं ना? कळलं नव्हतं तुला?”

“कळलं होतं, मावशी.” त्याने सालीचा एक तुकडा दुसऱ्याला नीट चिकटवून ठेवला. “तुम्ही म्हणालात, लाओझाओ खाल्लं तर ऑपरेशन होणार नाही.”

ताओला आठवलं. हेच म्हणाली होती ती. याच शब्दांत, बोट नाचवून.

“अरे, पण हे शेवटचं आहे,” आजी म्हणाली. “मग कायमचं बरं.”

“मागचं पण शेवटचंच होतं. त्याच्या आधीचं पण.” त्याने मान वर केली नाही. “मला बसून येतं. बसून काही दुखत नाही.”

आजीने अर्धवट सोललेलं संत्रं मांडीवर ठेवलं.

ताओच्या खिशातला फोन वाजला. सर्जन पेंग होते.

“काय म्हणतात आपल्या पेशी?”

“गेल्या.”

“बाप रे! परत?” पलीकडून लांब उसासा ऐकू आला. “बरं, आजच्या आज तिसरा तुकडा घेऊ. महिनाअखेरीस जमेल. घरचे तयार होतील?”

“घरचे होतील.”

“मग अडलंय कुठे? पोराला घेऊन वर या.”

शाओमान जिभेने आतून गाल चाचपत होता, एकदा उजवा, एकदा डावा.

“डॉक्टर, मी नंतर फोन करते,” ताओ म्हणाली. “अजून एकाला विचारायचंय.”

तिने फोन बंद केला आणि त्याच्यासमोर फरशीवरच बसकण मारली. पेशी कशा वाढतात हे तिने आजवर कितीतरी आईबापांना समजावलं होतं, ते तिला तोंडपाठ होतं.

“शाओमान,” ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य काही तिला सुचेना.