कमी साखरेतलं माप

आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी माझा आलेख नाकाजवळ नेला आणि परत टेबलावर टाकला. "हे काय? सगळे ठिपके वरच्या सपाटीवर! पोटभर जेवलेल्या माणसाला विचारतेस, भूक किती होती म्हणून?"

मी तोंड फुगवलं. चार दिवस मान मोडून काम केलं होतं. आमचं एन्झाइम साखर तोडतं. ते साखरेला किती घट्ट धरतं, याचा अंदाज काढायचं काम माझ्याकडे. मी प्रत्येक नळीत सढळ हाताने साखर घातली होती, कारण मग आकडे शहाण्यासारखे येतात. पण भरपूर साखरेत कुठलंही एन्झाइम पूर्ण वेगानेच धावतं. पकड घट्ट की सैल, काही कळत नाही. त्यासाठी साखर कमी करत जायचं आणि कितीशा साखरेवर त्याचा वेग निम्मा राहतो ते पाहायचं. जितक्या थोड्यावर भागतं, तितकी पकड घट्ट. हे मला पाठ होतं. आळस केला, दुसरं काय!

पुन्हा नळ्या मांडल्या. साखर निम्मी, मग तिच्या निम्मी, आणि प्रत्येक माप तीनदा. तीनदा मोजल्याशिवाय आमच्या वहीत आकडा चढत नाही. माझ्या नवऱ्याला ही खोड ठाऊक आहे. तो इथलीच यंत्रं दुरुस्त करायचा, सगळे त्याला पाना म्हणत. घरी मी "मीठ बरोबर आहे ना?" विचारलं की म्हणायचा, "एकदाच? अजून दोनदा राहिलं."

दोन वर्षांपूर्वी त्याला लांबच्या शहरात काम मिळालं. "जाऊ का?" म्हणाला. मी त्याच्याच शर्टाला इस्त्री करत होते. मान वर न करता म्हटलं, "जा की. माझं काय अडलंय?" तेव्हा खरंच तसं वाटलं होतं. जेवताना, भांडताना, उठता-बसता तो समोरच असायचा.

आता शनिवारी दुपारी फोन येतो. पाच-सात मिनिटं, त्यातली दोन 'ऐकू येतंय का' करण्यात जातात. उरलेल्यांवर मी आठवडा काढते. तो खोकला, तर तो खोकला मंगळवारपर्यंत माझ्या कानात असतो. मला तो घरात हवा आहे, एवढंच. पण बोलून बसलेय ना मी!

गेल्या शनिवारी म्हणाला, आणखी तीन वर्षांचा करार आलाय, नऊ दिवसांनी, सोमवारी सही करायची. "तुझं काही अडत असेल तर सांग." मी म्हटलं, "बघू."

आज शनिवारी शेवटच्या नळ्या मोजून झाल्या. आकडा इतका लहान आला की मी वहीकडे बघतच राहिले. पकड भलतीच घट्ट होती. तेवढ्यात फोन वाजला.

"ऐकू येतंय का?"

"येतंय. सही करू नकोस."

"का गं?"

"मागचं माप चुकलं होतं. तू भरपूर होतास तेव्हा घेतलेलं. माझं अडलंय."

तो म्हणाला, "एक झालं."

मोठ्या बाई मान वळवून बघत होत्या. बघू देत. "अडलंय," मी म्हटलं.

"दोन."

तिसऱ्यांदा आवाजच फुटेना. मी नुसती फोन धरून उभी राहिले.

"राहू दे," तो म्हणाला. "तिसरं घरी येऊन ऐकतो."