बंद दारांची दुपार

फाल्गुनातली दुपार. निर्वात, निःशब्द, निर्दय. मराठवाड्याच्या काळ्या मातीवर भेगांचं जाळं, पळसाच्या पर्णहीन फांद्यांवर रक्तवर्ण निखारे. आणि क्षितिजावर, शेजारचं गाव होतं तिथे, धुराची एक उभी रेघ.

निजामाच्या राजवटीविरुद्ध लढा पेटला, तेव्हा त्याच्या अलीकडचं हे गावही गात होतं. सुगीच्या सोनेरी दिवसांत रानातल्या लढवय्यांना भाकरी पोचत होत्या, जयघोषांनी आभाळ दणाणत होतं. पण असंच भाकरी देणारं शेजारगाव काल निजामाच्या स्वारांनी जाळलं. धुराकडे पाहता पाहता या गावाचा कंठ सुकला.

त्या दुपारी शेषेराव आला. रानातल्या तुकडीतला कोवळा, पिंगट डोळ्यांचा तरुण. बरगडीत गोळी, ओठांवर धूळ. तो पहिल्या दाराशी आला. आतून कडी पडली. दुसऱ्या दाराशी आला, कडी पडली. कडीमागून कडी, कडीमागून कडी, साऱ्या गल्लीभर लोखंडाचा तो थंड, लाजिरवाणा नाद.

शेवटचं दार केवळबाईचं. विधवा बाई, घरात दिवस भरलेली सून. तिनेही कडी घातली होती. फटीतून तिला त्याचा पुढे केलेला हात दिसला.

"मावशी, घोटभर पाणी."

तिने दार बोटभर उघडलं, तांब्या पुढे केला. तो घटाघटा प्यायला. मग तिच्या उंबऱ्याकडे पाहून दचकून मागे सरला.

"दार लावून घ्या, मावशी. इथं रगत सांडलं तर तुमचं घर पेटवतील."

आणि तो भिंतीचा आधार सोडून, तोल सावरत, एकटाच चालू लागला.

केवळबाईच्या काळजात काहीतरी तडकलं. "आत्याबाई, नका जाऊ!" सून कळवळली. पण ती निघाली होती. भर उन्हात, भर गल्लीत, तिने त्याचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला. फटीफटीतून डोळे पाहत राहिले. एकही कडी निघाली नाही.

नदीच्या कोरड्या पात्रापर्यंत ती दोघं पोचली. तिथे, करंजाच्या विरळ सावलीत, तिच्या मांडीवर तो शांत झाला. तिने त्याचे डोळे मिटले, अंगावर पदर फाडून पांघरला.

ती परतली तेव्हा सारी दारं उघडी होती. उंबऱ्याउंबऱ्यावर माणसं उभी होती, मूक, म्लान, मातीच्या रंगाची. तिच्या लुगड्यावरचं रक्त उन्हात काळवंडत होतं. ती नुसती चालत गेली. आणि तिच्यामागे, पिकल्या कणसांसारख्या, साऱ्या गावाच्या माना खाली, खाली, खाली झुकत गेल्या.