वरच्या मुक्कामावर प्रचंड

प्रचंड आमच्या अंतराळस्थानकावर पहिल्यांदा आला तेव्हा त्याची केप दारात अडकली. ही कल्पना माझी होती. आधीच सांगून ठेवते, कारण अंकावर धाकट्या भावाचं नाव ठसठशीत छापलंय आणि माझं मुंगीएवढं, आणि ज्याचं त्याला द्यावं असं हल्ली कुणाला वाटत नाही.

मी मुलांच्या एका मासिकात चित्रकथा लिहिते. लिहायचे, असं म्हणायला हवं, पण जिभेला अजून सवय नाही. माझ्या चित्रकथेचं नाव 'वरचा मुक्काम'. पृथ्वीभोवती फिरणारं एक जुनाट स्थानक, त्यात मोजकी माणसं, आणि रोज काहीतरी बिघडलेलं. कधी पाण्याचा पंप, कधी हवेची जाळी, कधी दोन माणसांचं आपापसातलं. सगळ्यांवर कप्तानबाई. त्या उडत नाहीत, कुणाला मारत नाहीत. पाना घेऊन येतात, "सरका जरा," म्हणतात आणि दुरुस्त करतात. चष्मा डोक्यावर सरकवलेला आणि स्थानकभर विचारणं चालू, "कुणी पाहिला का माझा चष्मा?" ही आमची आई, हुबेहूब. ती गेली त्याच वर्षी मी ही चित्रकथा सुरू केली. कप्तानबाईंच्या डोक्यावर चष्मा चढवला तो मात्र धाकट्याने. मी सांगितलं नव्हतं. त्याने आपणहून काढला आणि पान माझ्यापुढे सरकवलं, आणि मी तिथेच रडले.

धाकट्याला घरात सगळे ठोंब्या म्हणतात. लहानपणी काही विचारलं की खांबासारखा उभा राहायचा. त्यामुळे बोलायचं काम माझं आणि चित्रं काढायचं त्याचं. शाळेत असताना तो चित्र काढायचा, बोलणाऱ्याच्या डोक्यावर रिकामा फुगा सोडायचा आणि कागद माझ्याकडे द्यायचा. फुग्यांत शब्द मी भरायचे. तेव्हाचा आमचा करार आजतागायत चालत आला: त्याने ओढलेली रेघ मी खोडायची नाही, मी लिहिलेला शब्द त्याने बदलायचा नाही. भांडणं ढीगभर झाली, पण हा करार कुणी मोडला नाही.

पुढे त्याने स्वतःचंही एक सुरू केलं, 'प्रचंड आणि मंडळी'. त्यात त्याचे सुपरहिरो. प्रचंड म्हणजे नुसती छाती. गुद्दा मारला की प्रश्न सुटला. त्याच्या जोडीला धूसरा, जी दिसत नाही, आणि लवचिककाका, जे हवे तेवढे ताणले जातात. तिथले शब्दही ठोंब्याचेच, आणि बहुतेक 'धडाम'. मुलांना आवडायचं. मला विचाराल तर डोकं बाजूला ठेवून वाचायचा प्रकार, पण भाऊ पडला, म्हणून मी चारचौघांत कौतुक करायचे.

मग एक दिवस तो माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "ताई, मासिकाची पानं कमी होतायत," म्हणाला. "आपण दोन्ही कथा एकत्र करू. प्रचंड आणि मंडळी तुझ्या स्थानकावर मुक्कामाला येतील. आवडलं लोकांना तर पुढेही एकत्रच चालवू. दोघांचंही वाचेल."

"तुझा तो रेडा माझ्या स्थानकात मावायचा नाही."

"मावेल गं. तू लिही तर खरं."

लाडीगोडी त्याला लहानपणापासून जमते. ठोंब्या आहे तो बाकीच्यांपुढे.

मी लिहायला घेतलं, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. आल्या आल्या कप्तानबाईंनी सगळ्या सुपरहिरोंना कामाला जुंपलं. इथे फुकटचा श्वास कुणाला मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. लवचिककाकांना तुंबलेल्या नळीत घातलं, ते दुसऱ्या टोकाने बाहेर आले ते तोंड पाडूनच. धूसरा दिसत नाही म्हणून हजेरीत राहून गेली, आणि माणसं तेवढीच असून हवा कमी का पडतेय हे कळेना, म्हणून सगळं स्थानक हैराण. प्रचंडला अंघोळीला पेलाभर पाणी. त्याने पेल्याकडे पाहिलं, स्वतःच्या छातीकडे पाहिलं, आणि निमूटपणे चेहरा धुतला.

सगळ्यात धमाल आली ती आवाजाची. 'वरचा मुक्काम'मध्ये माझा पहिल्यापासून एक नियम आहे: बाहेर हवा नाही, म्हणून बाहेर आवाज नाही. हेल्मेटमध्ये रेडिओ असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर स्थानकाबाहेर गेलेल्याच्या डोक्यावर फुगा येणार नाही, मग तो कुणी का असेना. आणि प्रचंड काही हेल्मेट घालत नाही, त्याचे केस विस्कटतात.

"ताई, तो गर्जना करतो. गर्जनेशिवाय प्रचंड कसला?" ठोंब्या कळवळून म्हणाला.

"मग आत येऊन कर म्हणावं गर्जना. दार लावून."

शेवटी प्रचंड बाहेर गेला की खिडकीतून हातवारे करायचा आणि लवचिककाका त्यांचा अर्थ सांगायचे, तोही नेमका उलटा. 'उल्का येतेय, मागे व्हा' याचा अर्थ काकांनी 'भूक लागलीय, पानं घ्या' असा लावला आणि सगळे जेवायला बसले. हे पान करताना आम्ही दोघं टेबलाशी बसून इतके हसलो की आमचे हे बाहेरच्या खोलीतून बघायला आले. आई गेल्यानंतर ह्या घरात एवढं हसणं झालं नव्हतं.

त्या हसण्याच्या भरात मी त्याला मागच्या सांध्याचं सांगून बसले. स्थानकाचे दोन भाग जिथे जोडलेत, तिथला सांधा पहिल्यापासून कच्चा आहे. हे फक्त कप्तानबाईंना माहीत. बाकीचे झोपले की त्या गुपचूप जाऊन त्याला ठिगळ लावतात आणि सकाळी काही झालंच नाही अशा वावरतात. एक दिवस सगळ्यांना कळेल आणि सगळे मिळून तो सांधा नव्याने जोडतील, ही माझी शेवटची गोष्ट असणार होती. आईने घर कसं धरून ठेवलं होतं, तेच ते. वाचकांना तर सोडाच, मी आमच्या ह्यांनाही हे कधी बोलले नव्हते. ठोंब्या ऐकून गप्प बसला. मला वाटलं, गहिवरला.

"मग ह्याच भागात जोडू की तो सांधा," मी म्हटलं. "प्रचंडची ताकद काहीतरी सरळ कामाला लागू दे." आणि तसंच लिहून दिलं.

शेवटच्या भागाची पानं तो स्वतः घेऊन आला नाही. ऑफिसच्या शिपायाबरोबर पाठवली. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. आजवर त्याने कधी असं केलं नव्हतं. पानं आणायची, चहा घ्यायचा, मी फुगे भरेपर्यंत बिस्किटांचा फडशा पाडायचा, हे ठरलेलं.

टेबल पुसून मी पानं मांडली. सुरुवातीची माझ्या गोष्टीप्रमाणेच होती. मग अचानक एक काळाकुट्ट राक्षस आला, जो मी लिहिलाच नव्हता. तो स्थानकात शिरून बसला. पान उलटलं तर प्रचंडने मूठ वळलेली. आणि पुढे दोन पानं भरून एकच चित्र: प्रचंडचा गुद्दा मागच्या सांध्यावर. एवढं मोठं स्थानक पसरलेलं, पण नेमका तिथेच. सगळ्याच्या चिंधड्या. पंप, जाळ्या, अंथरुणं, तो अंघोळीचा पेला, सगळं काळ्या आभाळात तरंगतंय. इतकं देखणं चित्र मेल्याने आयुष्यात काढलं नव्हतं. आणि कोपऱ्यात, अगदी बारीक, एक चष्मा. त्याची एक काच तडकलेली.

माणसं वाचवली होती, एवढी कृपा. ती सगळी जीव वाचवायच्या एका छोट्या यानात बसली होती. शेवटच्या पानावर त्या यानाची खिडकी, आत कप्तानबाई, आणि बाहेर प्रचंड मान खाली घालून, तळवा काचेवर टेकवून. त्याच्या डोक्यावर एक मोठा रिकामा फुगा. कप्तानबाईंच्या डोक्यावर एक छोटा. खाली ठळक पट्टी: 'पुढील अंकापासून प्रचंडचे नवे पर्व.' वरच्या मुक्कामाचा कुठे उल्लेख नाही.

मी संपादकांना फोन लावला.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?" ते चाचरले. "मॅडम, एकाच चित्रकथेपुरती जागा आहे हे मी त्यांना केव्हाच सांगितलं होतं. तुम्ही एकत्र करायला घेतलंत त्याच्याही आधी. तेच म्हणाले, स्थानक एकदम बंद केलं तर मुलं नाराज होतील, त्यापेक्षा गोष्टीतच संपवू. मी म्हटलं, ताईंना विचारलंत का? तर म्हणाले, सांध्याची कल्पना ताईचीच आहे."

मी फोन ठेवला. मला आधी राग नाही आला. आधी लाज वाटली. त्याला सगळं माहीत असताना मी त्याच्यासमोर बसून एवढी हसले होते. मी खिदळत होते, आणि तो सांधा कुठे आहे ते बघून ठेवत होता. परक्याने गळा कापला तर माणूस ओरडतो तरी. ह्याने केसाने कापला, तेही माझ्याच टेबलाशी बसून, माझीच बिस्किटं खात.

"अगं, चित्रकथाच आहे ना शेवटी," आमचे हे म्हणाले. मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते उठून गॅलरीत गेले.

मग ठोंब्याला फोन केला. पहिल्याच घंटीला उचलला, म्हणजे वाटच बघत होता.

"पानं मिळाली, ताई?"

"मिळाली."

"मी येऊन सांगणारच होतो."

"कधी? सगळं फुटल्यावर?"

तो म्हणाला, "एकच राहणार होतं. माझं राहिलं म्हणजे घरातलंच राहिलं ना. आणि खरं सांग, तुला विचारलं असतं तर तू स्वतःच म्हणाली असतीस, जाऊ दे, तुझं चालू राहू दे."

म्हणाले असते. देवाशपथ म्हणाले असते. रडले असते दोन दिवस, पण त्याच्याचसाठी सोडलं असतं. तेच तर जिवाला लागलं.

"मग विचारलं का नाहीस?"

फोनच्या पलीकडे खांब उभा होता.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "शेवटच्या पानावर मोठा फुगा सोडलाय. प्रचंडने कप्तानबाईंना काय म्हणायचं ते तू लिही. मला नाही जमत, तुला माहितीये. तू लिहिशील ते कबूल. आणि छोट्या फुग्यात तीनच शब्द मावतील. 'जा, माफ केलं.' एवढंच लिही. आणि खोडू नकोस हं काही. करार आहे आपला."

म्हणजे गुद्दा त्याने मारायचा, माफी मी मागायची, आणि वर माफही मीच करायचं. करार बरा आठवला ह्याला. चोर तो चोर, वर शिरजोर.

"खोडणार नाही," मी म्हटलं.

जेवण उरकून मी बसले. हातातलं काम वाईट करणं मला जमत नाही, हा माझ्या जन्माचा दोष. राक्षसाचे फुगे भरले, लवचिककाकांचे भरले, धूसराला एक चांगलासा विनोदही दिला. मग मोठ्या फुग्यापाशी आले. मनात शब्द तयार होते, मेलं हेही वाईट. प्रचंड काय म्हणाला असता, ठोंब्या काय म्हणाला असता, मला पाठ होतं. आयुष्यभर त्याच्या वतीने मीच बोलत आले. शेजाऱ्यांशी बोलले, मास्तरांशी बोलले, त्याच्या बायकोला मागणी घालायलाही मीच गेले होते. लेखणी टेकवणार, तेवढ्यात नीट पाहिलं.

प्रचंड बाहेर होता.

काचेच्या पलीकडे, उघड्या आभाळात. हेल्मेट नाही. केस एकदम नीटनेटके. आणि डोक्यावर हा भलाथोरला फुगा. इतक्या वर्षांचा नियम, त्यावर एवढे हसलो, आणि हा बाबा शेवटच्याच पानावर विसरला. माफी मागायची एवढी घाई झाली होती की हवा आहे की नाही हेही बघितलं नाही.

मी एक रेघही खोडली नाही. मोठा फुगा होता तसा पांढरा राहू दिला. छोटा फुगा यानाच्या आत होता, आत हवा होती, कप्तानबाईंना बोलायला काही अडचण नव्हती. त्यात मी तीन शब्द लिहिले, माझ्या सगळ्यात सुवाच्य अक्षरात.

'ऐकू येत नाही.'

आणि त्याच शिपायाबरोबर पानं परत पाठवली. शब्द बदलायचा नाही, हा त्याच्या बाजूचा करार होता. तेवढा मात्र त्याने पाळला.

अंक आला तेव्हा संपादकांचा फोन आला. मुलं त्या शेवटच्या पानावर लोळून हसतायत म्हणाले, आणि त्यांच्या आया डोळे पुसतायत. "मोठा फुगा रिकामा ठेवायची तुमच्या भावाची कल्पना म्हणजे कमाल आहे," असंही म्हणाले. मी हो म्हटलं. आता कुणाकुणाशी डोकं फोडायचं.

त्यानंतर एका दुपारी तो आला. अंकाची गुंडाळी करून हातात धरलेली. दारातच उभा राहिला, पण ह्या वेळी खांबासारखा नाही. बोलत होता. जन्मात पहिल्यांदा माझ्या मदतीशिवाय, एकट्याने, अडखळत, लांबलचक बोलत होता. त्याचे ओठ हलताना मला दिसत होते. मी त्याच्याकडे बघायला नको म्हणून चष्मा शोधत होते. टेबलावर बघितला, पानांखाली बघितला, खुर्चीच्या मागे बघितला.

तो बोलता बोलता थांबला.

"डोक्यावर आहे, ताई."

तेवढं ऐकू आलं. मी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. नाक लाल झालं होतं, लहानपणी व्हायचं तसं. मी त्याला पाणी दिलं, दारात आलेल्या कुणालाही देतात तसं. तो पेला हातात धरून पुन्हा बोलायला लागला, आणि मी समोर बसून राहिले. पण तो काय म्हणाला, ते मला अजून ऐकू आलेलं नाही.