उलट्या अक्षरांचा फळा

मी एक जुना फळा आहे. जुना म्हटलं म्हणून मोडका समजू नका हं, मित्रांनो! अंगानं अस्सल सागवानी आहे मी. उमरग्याच्या गुरुसिद्धप्पा सुतारानं मला रंधा मारून घडवलं. रंग मात्र दुकानातला नाही. धाराशिवच्या आमच्या कॉलेजातले शिपाई लिंबाजीमामा जुने सेल फोडायचे, आतली काळी भुकटी घेवड्याच्या पाल्यात वाटायचे आणि माझ्या अंगाला चोळायचे. मग खडू कसा झरझर चालायचा!

पंचवीस वर्षं मार्तंड सरांचं गणित मी अंगावर मिरवलं. सर मनगटानं नव्हे, सबंध खांद्यानं लिहायचे. पुढं पांढरा चकचकीत बोर्ड आला आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. चार वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, लई वाईट वाटलं.

अशात विद्यापीठाचं पत्र आलं. गणिताच्या वर्गात पोरं कमी आहेत. गावोगावची पोरं जोडून तास ऑनलाइन घेता आले तरच वर्ग राहील, नाहीतर बंद. सोबत शिक्षकांनी भरायचा एक फॉर्म होता. ‘आपण ऑनलाइन शिकवण्यास सज्ज आहात का?’ बाकीच्या सगळ्यांनी बेधडक ‘होय’ लिहिलं. मार्तंड सरांनी लिहिलं, ‘अजून नाही.’

प्राचार्य वैतागले. सर म्हणाले, “साहेब, उत्तर खोटं लिहिलं तर मी गणिताचा मास्तर कसला?”

सरांनी खटपट मात्र सोडली नाही. टॅबलेटवर त्यांचं पेन घसरायचं. पांढऱ्या बोर्डवर खिडकीचा उजेड पडायचा आणि मोबाइलमध्ये नुसती चमक दिसायची. शेवटी सर ओरडले, “मामा, माझा काळा फळा आणा!”

“चला म्हाराज, बोलावणं आलंय,” म्हणत मामांनी माझी धूळ झटकली. सेल फोडले, पाला वाटला. माझ्या अंगावर चमक नाही. मोबाइलला मी अगदी स्वच्छ दिसलो. पांढऱ्या बोर्डाची जिरली! हसू नये, पण हसलो मी.

पुढं मात्र सरांनी कमाल केली. समोरच्या मोबाइलमध्ये त्यांना स्वतःची अक्षरं उलटी दिसली. त्यांना वाटलं, पोरांनाही तसंच दिसणार. मग काय, तीन दिवस घाम गाळून ते उजवीकडून डावीकडं उलटं लिहायला शिकले! चौथ्या दिवशी पहिला तास घेतला. तासभर उलटी अक्षरं, उलटे आकडे. आणि एकही पोरगं बोलायला तयार नाही. सरांना मधेच कसं टोकायचं?

तास संपताना सास्तूरची शिवांजली चाचरत बोलली, “सर, रागवू नका. आमाला समदं उलटं दिसलं. म्या आईचा आरसा धरून वाचलं.”

“अगं, मग आधी का न्हाय बोललीस?”

“तुमी शिकवत होता ना, सर. उलटं फकस्त तुमच्याकडंच दिसतंय. तुमी सरळ लिवलं की आमाला सरळच येतंय.”

सर मटकन खुर्चीत बसले आणि पोट धरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, “पोरांनो, चूक माझी. पण गप्प बसलात ही तुमची चूक. आजपासून मी चुकलो की जागच्या जागी थांबवायचं.”

ही शिवांजली माझी लाडकी. वर्ग बंद झाला असता तर घरचे तिला दुसऱ्या शहरात पाठवणार नव्हते. तिचं शिक्षण तिथंच संपलं असतं.

पंधरा दिवसांनी विद्यापीठाची समिती तास बघायला ऑनलाइन आली. सर घाबरलेले, नेहमीपेक्षा भराभर लिहीत सुटले. निश्चयक, म्हणजे डिटर्मिनंट, सोडवताना दुसऱ्या पदाआधीचं वजाचं चिन्ह राहून गेलं! सर तसेच पुढं निघाले. माझा जीव टांगणीला. मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती. समितीसमोर सरांना अडवणार कोण?

“सर, थांबा! दुसऱ्या पदाआधी वजा पायजे!” शिवांजलीच ती.

सरांनी माझ्याकडं पाहिलं, कपाळावर हात मारला आणि गरजले, “शाब्बास, वाघिणी!” मग येरमाळ्याच्या कृष्णराजनं विचारलं, वजाच का? सोनारीच्या हर्षालीनं ते समजावलं. बघता बघता पोरांची झुंबड उडाली.

समितीच्या बाई म्हणाल्या, “सर, बाकी तासांना पोरं हूं की चूं करत नाहीत. हा वर्ग बंद करणं पाप होईल.”

वर्ग राहिला, मित्रांनो! पोरं अकराची एकतीस झाली. मामांनी कॉलेजभर पेढे वाटले आणि एक माझ्या चौकटीवरही ठेवला. मुंग्यांनी खाल्ला, पण मान माझाच!

तुम्हाला एवढंच सांगतो. ‘अजून येत नाही’ म्हणायला लाजू नका. मोठं माणूस चुकलं तर आदरानं, पण थांबवा. आणि जुनं झालं म्हणून कुणाला अडगळीत टाकू नका; धूळ झटकून एकदा विचारून तर बघा.

काल पुन्हा तोच फॉर्म आला. सरांनी आधी माझ्यावर खडूनं उत्तर लिहून पाहिलं, ‘होय. पोरांनी सज्ज केलं.’ मग फॉर्मवर उतरवलं.

मामांनी मला पुन्हा काळं केलंय. उद्या दहाला तास आहे. मीही सज्ज आहे.